मृग ते हस्त : नऊ पावसांच्या लिनोकटच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

आजपासून नोंदी ठेवतेय. मागच्या वेळी ठेवल्या नाहीत आणि नंतर कुठला ब्लॉक कधी कापला, शाईत तेल किती घातलं होतं, काही म्हणजे काही आठवेना.

काम असं आहे. पावसाची नऊ नक्षत्रं, मृग ते हस्त, प्रत्येकाचा एक लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या ब्लॉकवर कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र. साईज २० बाय ३० सेंटीमीटर, प्रत्येकी १५ प्रिंट. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस चालतं, म्हणजे ऑफिस सांभाळून एका ब्लॉकला दोन आठवडे मिळतात. मृग ७-८ जूनला लागेल आणि हस्त २६-२७ सप्टेंबरला, तोपर्यंत सगळं कापून व्हायला पाहिजे, छापायचं काम दिवाळीपर्यंत गेलं तरी चालेल.

सामान आलंय. ग्रे लिनो (मागं तागाचं कापड असलेला, मऊ रबरवाला नको होता), दोन व्ही टूल, तीन यू गॉज (बारीक आणि रुंद कोरायची हत्यारं), ऑफसेटची काळी शाई, रोलर. प्रेस नाही, त्यामुळं पाठीमागून चमच्यानं घासूनच छापायचं. प्रूफला, म्हणजे तपासायच्या ठशाला, न्यूजप्रिंट, फायनलला हातकागद.

रेफरन्सचं फोल्डर पण आहे, तीन वर्षं साठवतेय, २१२ इमेज झाल्यात. आज रात्री सगळ्या बघून काढल्या, खूप हुरूप आलाय.

९ जून

मृगाचा ब्लॉक कापून पहिलं प्रूफ काढलं. आपला कोल्हापूरचा शिवाजी पूल, तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेला, त्याच्यावर छत्र्या घेऊन पळणारी पाच-सहा माणसं, खाली पंचगंगा, लांब पलीकडचा काठ धूसर, आणि सगळ्यावरून वरून खाली सरळ बारीक रेघांचा पाऊस. अकरा तास लागले कापायला. छापून भिंतीला लावलं आणि खरंच वाटलं की मस्त झालंय.

संध्याकाळी कॉलेजची मैत्रीण आली होती. तिनं बघितलं, जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, हे हिरोशिगेचं आहे ना?

मी म्हटलं नाही गं, शिवाजी पूल आहे. मग तिनं फोनवर काढून दाखवलं आणि माझं तोंडच बंद झालं. जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे, १८५७ चा लाकडी ब्लॉकचा प्रिंट, शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेली सर. पूल तिरका, माणसं वाकून पळतायत, पलीकडचा काठ करडा, रेघांचा पाऊस. माझ्या चित्रात फक्त दगडी कमानी आहेत आणि त्याच्यात लाकडी खांब, त्याच्यात एक माणूस लाकडाचा तराफा घेऊन चाललाय आणि माझ्यात तो नाही, एवढाच फरक.

मी कापताना ते चित्र उघडून बसले नव्हते. हे मला महत्त्वाचं वाटतंय म्हणून लिहून ठेवते. बघून काढलं असतं तर मला कळलं तरी असतं. हे न बघता आलंय, हातातून आलंय, आणि मला वाटत राहिलं की माझंच आहे.

११ जून

दोन दिवस काही कापलं नाही. फोल्डर उघडून एकेक इमेज बघत बसले. २१२ पैकी १८७ दुसऱ्यांची चित्रं निघाली. प्रिंट्स, पोस्टर, बाहेरच्या देशातल्या आर्टिस्टचे वुडकट, नाहीतर त्यांचं बघून कुणीतरी केलेलं काहीतरी. मी स्वतः काढलेले फोटो २५, त्यातले नऊ ऑफिसच्या खिडकीतून. म्हणजे पाऊस कसा दिसतो हे मी तीन वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांनीच बघत होते. जन्मापासून कोल्हापुरात राहते मी, पाऊस काय कमी बघितलाय.

फोल्डर डिलीट करायला गेले आणि थांबले. ते बरोबर नाही वाटलं. ही चित्रं बघूनच मला लिनो हातात घ्यावासा वाटला होता, त्यांचा काय दोष. मग दोन फोल्डर केली. एक ‘सराव’, त्यात सगळी दुसऱ्यांची. त्यातलं हवं ते कॉपी करायचं, मन लावून करायचं, पण सरावाच्या वहीतच आणि खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहून. दुसरं ‘पाऊस’, त्यात फक्त मी स्वतः उभं राहून बघितलेलं. नऊ प्रिंटसाठी फक्त दुसरं उघडायचं.

व्हॅन गॉगनं हेच चित्र कॉपी केलं होतं, १८८७ मध्ये पॅरिसला असताना, तेलरंगात. त्याच्याकडं जपानी प्रिंट शेकड्यांनी होते. त्यानं लपवलं काहीच नाही, उलट चित्राच्या चारी बाजूंना बॉर्डर करून त्यात दुसऱ्या प्रिंटवरची जपानी अक्षरं उतरवून काढली. ती कॉपी आहे हे बघणाऱ्याला लांबूनसुद्धा कळतं. माझ्या प्रूफमध्ये आणि त्याच्यात फरक हाच आहे, त्याला माहीत होतं तो काय करतोय.

१५ जून

सरावाच्या वहीसाठी हिरोशिगेच्या पावसाचा एक तुकडा लिनोत मुद्दाम कॉपी केला, हाताच्या तळव्याएवढा. फार शिकले ह्यातनं, म्हणून सविस्तर.

त्याचा पाऊस काळा आहे. म्हणजे लाकडाच्या ब्लॉकवर रेघ शिल्लक ठेवलीय आणि आजूबाजूचं सगळं कोरून काढलंय, केसाएवढी बारीक कड उभी ठेवायची आणि तीही पूर्ण लांबीभर. बरं ते कोरणारे वेगळे कसबी लोक असायचे, हिरोशिगे फक्त चित्र काढून द्यायचा. आणि पावसाचे ब्लॉक एक नाही, दोन आहेत, दोन्हींच्या रेघांचा कोन थोडासा वेगळा, म्हणून तो पाऊस हलल्यासारखा वाटतो. मी हे आजपर्यंत नुसतं बघत होते, कळलं आज करताना.

लिनोत हे जमतच नाही. बारीक कड ठेवली की ती चुरते, शाई लावताना वाकते, तीन प्रूफमध्ये अर्ध्या रेघा गेल्या. माझ्या पुलाच्या ब्लॉकमध्ये म्हणूनच मी रेघा जाड ठेवल्या होत्या आणि म्हणूनच त्या पावसापेक्षा तारांसारख्या दिसत होत्या. लिनोत सोपं काय असतं तर व्ही टूलनं एक रेघ ओढली की ती पांढरी उमटते. लिनोचा पाऊस पांढराच. मी त्या मटेरियलला तीन वर्षं काळ्या पावसासाठी झुंजवत होते.

पुलाचा ब्लॉक बाजूला ठेवला. फेकणार नाही. मागच्या बाजूला तारीख आणि ‘हिरोशिगेवरून’ असं लिहून ठेवलंय.

२३ जून, आजोळ

काल संध्याकाळच्या एसटीनं गगनबावड्याकडं आले, मामाच्या घरी. आर्द्रा लागलंय. इकडं पाऊस कोल्हापूरपेक्षा कितीतरी जास्त, घाटमाथाच हा.

पुलाचं प्रूफ पिशवीत होतं. मामीनं काढून बघितलं, उलटं-सुलटं करून बघितलं. म्हणाली, “चांगलं हाय की. पर ह्यो कुठला पाऊस गं?”

मी म्हटलं, मृगाचा.

“मिरगाचा असा असतोय व्हय? मिरगाला पयला थेंब पडतोय तवा धुरळा उडतोय, खड्डं पडत्यात धुळवाफंवर, रेघा कुठनं आल्या?” आणि प्रूफ ठेवून भाकरी थापायला गेली.

मी मागोमाग चुलीपाशी जाऊन बसले, विचारलं मग बाकीचे कसे असतात. तासभर बोलत होती, मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, हे मला नावापुरतं माहीत होतं, पण तिनं सांगितलं ते असं: “तरणा उड्या मारत येतोय, आला तसा जातोय, परत येतोय. म्हातारा एकदा बसला की उठत न्हाई.” मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा. का म्हणून विचारलं तर म्हणाली सासू एकदम कडाडती आणि मोकळी हुती, सून दिवसभर गप काम करत ऱ्हाती. मग म्हणी. पडल्या मघा, नाहीतर ढगाकडे बघा. पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा. पडला हत्ती तर पडतील भिंती, हा हस्ताचा, मातीच्या भिंती चार महिने भिजून आधीच फुगलेल्या असतात आणि हस्ताच्या एका दणक्यात बसतात.

आणि मामा शेजारून शब्द टाकत होते. वळीव, सर, झड, रिपरिप, भुरभूर, संततधार, उघडीप, वाफसा. रात्री ह्या यादीकडं बघत बसले. ह्यातला प्रत्येक शब्द म्हणजे पाऊस पडायची एक वेगळी तऱ्हा आहे. झड म्हटलं की तिरकी रेघ नाही येत डोळ्यासमोर, एक करडा पडदा येतो जो हलतच नाही. रिपरिप म्हटलं की पागोळ्या. माझ्याकडं हे सगळं होतं, आजीच्या तोंडून ऐकलेलं, आणि चित्र काढायला बसले की मी शोधायला जात होते दुसरीकडंच.

ठरवलं की ह्यापुढं आधी शब्द, मग खूण. ह्या पावसाला घरात काय म्हणतात ते लिहायचं, मग लिनोवर ती खूण कुठल्या हत्यारानं होईल ते शोधायचं, आणि ते झालं की मगच चित्रात माणूस, झाड, घर काय असेल ते.

३० जून

मृग नव्यानं केला. रेघ एकही नाही. मोठा काळा भाग म्हणजे कोरडं रान, आणि त्यावर खिळ्यानं हातोडीनं ठोकून पाडलेले खड्डे, काही जवळजवळ, काही लांब. खिळा सरळ ठोकला की गोल ठिपका येतो, जरा कलता ठोकला की एका बाजूला कड फुटते, अगदी थेंब पडल्यावर माती उडते तशी. वरच्या कोपऱ्यात बांध आणि बांधावर मामाची चप्पल, काढून ठेवलेली. बस एवढंच.

लिनो थंड असला की खिळ्यानं चिरतो. दहा मिनिटं इस्त्रीच्या खाली कापड घालून गरम केला, मग ठीक झालं.

कुणाचं बघून आलंय का हे, म्हणून रात्री मनात शोधत होते. ठिपक्यांनी चित्र करणारे खूप झाले, ठिपका काही माझा नाही. पण हा ठिपका धुळवाफेवरचा आहे आणि तो मला मामीनं दाखवला.

आर्द्राचा ब्लॉक पण झाला ह्या आठवड्यात, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, तरव्याचा (भाताच्या रोपांच्या वाफ्याचा) चौकोन आणि आडव्या रेघा. बरा आहे.

७ जुलै, आजोळ

रोपलावण चालू आहे. सकाळी सातपासून चिखलात उभी होते, अर्धा वेळ रोपं लावली, अर्धा वेळ स्केच. स्केचचं तंत्र सापडलं एकदाचं: वही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालायची, हात पण पिशवीत घालायचा आणि बॉलपेन सोडून साधी सहा-बी पेन्सिल. कागद दमट होतो पण फाटत नाही. एका स्केचला दोन मिनिटांच्या वर द्यायचं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट आज कळली. पाऊस सगळीकडं दिसत नाही. आभाळाकडं बघितलं तर पाऊस दिसतच नाही, नुसतं करडं दिसतं. तो दिसतो मागं काहीतरी काळं असेल तिथं. गोठ्याच्या उघड्या दारात दिसतो, फणसाच्या भिजलेल्या खोडापुढं दिसतो, म्हशीच्या पाठीपुढं दिसतो. चित्रभर पाऊस ही डोळ्यांची गोष्टच नव्हे, ती चित्रातून शिकलेली सवय आहे. मी आठ बायका ओळीत वाकलेल्या बघत होते आणि त्यांच्यातल्या सहाजणींवर पाऊस दिसतच नव्हता, फक्त त्यांच्या खोळींवरून उडणारे तुषार दिसत होते. पांढऱ्या पावसाला काळी जागा लागते, आणि न कापलेला लिनो तर मुळात काळाच छापतो. हे दोन्ही असं जुळलं की मी बांधावरच बसून राहिले.

इरलं आता कुणी घालत नाही. सगळ्या प्लास्टिकच्या खोळी, निळ्या, पिवळ्या, खताच्या पोत्याच्या. आजीचं इरलं माळ्यावर होतं म्हणून मामानं काढून दिलं, बांबूच्या कामट्या अजून शाबूत आहेत पण पानं झडून गेलीत. इरलं काढायचा मोह फार झाला, दिसतं किती देखणं, पण मला समोर दिसतेय ती खोळ आहे. खोळच काढणार. इरलं आज मी काढलं तर ते आजीचं राहणार नाही, जुन्या फोटोंतलं होईल.

१२ जुलै

पुनर्वसू, तरणा. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा लिनोवर तिरका ओढला की एकदम दहा-बारा समांतर ओरखडे येतात, हात थांबला की थांबतात, परत ओढले की परत. आला, गेला, आला. खोळी घातलेल्या बायकांच्या मागं फणसाचं खोड, ओरखडे फक्त खोडावर. प्रूफ चार. शाई वाळत नाही, हवाच एवढी ओली आहे, घरभर दोरीवर प्रिंट लटकतायत.

२६ जुलै

पूर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कधीच वर गेलीय. गगनबावड्याचा रस्ता बंद, मामाशी फोनवर बोलणं झालं, सगळे बरे आहेत. आमच्या गल्लीत पाणी नाही पण खालच्या बाजूची माणसं सामान वर हलवतायत, २०१९ कुणी विसरलेलं नाही. आज दिवसभर शाळेत स्थलांतर केलेल्या लोकांसाठी चपात्या करायला गेले होते. ब्लॉकला हात लावला नाही.

२८ जुलै

पातळी स्थिर आहे म्हणतायत. ऑफिस बंद, घरातच.

पुष्य, म्हातारा पाऊस. आजोळी जाता येत नाही म्हणून अडल्यासारखं झालं होतं, मग खिडकीशी बसले. समोर शेजाऱ्यांच्या घराची पाठीमागची भिंत, पाण्याची टाकी, दोन खिडक्या, एकीत एक म्हातारे आजोबा तीन दिवस तसेच बसलेले. टाकी काळी आहे. पाऊस फक्त टाकीपुढं दिसतो.

मला व्हॅन गॉगचंच पुढचं आठवलं. हिरोशिगेची कॉपी १८८७ ची, आणि १८८९ मध्ये तो फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात होता तेव्हा त्याच्या खोलीच्या खिडकीतून एक भिंत घातलेलं गव्हाचं शेत दिसायचं. ते शेत त्यानं पावसात रंगवलंय, फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे ते आता. त्यातही तिरक्या रेघा आहेत आणि त्या कुठून आल्या ते कळतंच, पण पूल नाही, छत्र्या नाहीत, जपान नाही. बंद खोलीत असलेल्या माणसाला दिसणारं एक शेत आहे आणि त्याच्यावर पाऊस पडतोय. घेतलेली रेघ त्यानं स्वतःच्या खिडकीला लावली. दोन वर्षं गेली मध्ये. मी नऊ जूनला दोन दिवसांचीसुद्धा वाट बघितली नव्हती.

आणि हिरोशिगेसुद्धा काही रिकाम्या हातानं आला नव्हता. त्याच्या चित्रांतला तो गडद निळा म्हणजे युरोपात शोधलेला प्रशियन निळा, बोटीतून जपानला आलेला. लांबच्या गोष्टी लहान दाखवायची युरोपियन तऱ्हाही त्यानं वापरलीय. तरी त्याच्या चित्रांत एडोच (आजचं टोकियो) दिसतं.

पुष्य कापायला घेतला. टाकी, खिडकी, आजोबांचा फक्त खांदा. पावसासाठी वायर ब्रश, एकाच दिशेनं, हळूहळू, थर चढत जातो तसा काळा रंग करडा होत जातो. बसला की उठत नाही.

६ ऑगस्ट

एका कॅफेवाल्यांनी नऊच्या नऊ प्रिंट घ्यायची तयारी दाखवली, भिंतीसाठी. चांगले पैसे. अट एकच, माणसं वारलीतली करा, त्रिकोणांची, कस्टमरला ते पटकन ओळखीचं वाटतं.

मी नाही म्हटलं. त्यांना समजावून सांगितलं, आणि ते सांगताना मलाही जास्त स्पष्ट झालं. वारली चित्र म्हणजे दोन त्रिकोण जोडलेला माणूस एवढंच नव्हे. ती लग्नाच्या चौकाची चित्रं, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणींनी काढायची, मध्ये पालघाट देवी. जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि आयुष्यभर काढली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. वारलीला भौगोलिक मानांकनही आहे. तुम्हाला वारली हवी असेल तर डहाणू-जव्हारकडं काढणारे किती तरी लोक आहेत, त्यांच्याकडून घ्या, त्यांना पैसे द्या. मी वारली नाही, माझ्या घरात तो चौक कधी निघाला नाही. मी काढला तर तो आकार राहील आणि बाकीचं सगळं गळून जाईल.

हिरोशिगेच्या बाबतीत मला जे चुकल्यासारखं वाटलं त्यापेक्षा हे जास्त चुकीचं झालं असतं असं मला वाटतं. हिरोशिगे जगभर माहीत आहे, माझ्या कॉपीनं त्याचं काही जात नाही. इथं कुणाचं तरी काम जातं.

ते म्हणाले बघतो. अजून उत्तर नाही.

१८ ऑगस्ट

आश्लेषा झाला (श्रावणातला ऊन-पाऊस, अर्धा ब्लॉक न कापता आणि अर्धा पूर्ण मोकळा, मध्ये एक रेघ. मला आवडलाय). मघा चालू आहे.

आज एक अवघड गोष्ट झाली. मैत्रिणीनं एका परदेशी आर्टिस्टचा प्रिंट पाठवला, त्यानंही करवतीच्या पात्यानं पाऊस ओरखडलाय. मी तो कधी बघितला नव्हता. पोटात गोळा आला, तरणा बाद करावा का असं वाटलं.

दिवसभर दोन्ही शेजारी ठेवून बघितले. त्याच्यात शहर आहे, रात्र आहे, ओरखडे चित्रभर. माझ्यात खोड आहे आणि ओरखडे फक्त खोडावर, थांबून थांबून. हत्यार एकच आहे. पण हॅकसॉ ब्लेड काय कुणाच्या मालकीचं असतं, लिनोवर काम करणारा कुणीही कधीतरी ते ओढून बघणारच. ठेवला तरणा. पुलाच्या वेळी मांडणी, माणसं, पाऊस, काठ, सगळंच एकत्र आलं होतं, तिथं सांगण्यासारखं माझं काही नव्हतं. इथं मी प्रत्येक गोष्ट कुठून आली ते सांगू शकते. ओरखडा कुठला, खोड कुठलं, बाई कुठली.

सरावाचं फोल्डर आता असं वापरते: एखादं चित्र फार आवडलं तर दहा मिनिटं बघायचं, मग बंद करून वहीत शब्दांत लिहायचं की नक्की काय धरून ठेवलं. चित्र काढायचं नाही, शब्दच. मागच्या आठवड्यातलं उदाहरण, नंदलाल बोस यांचा १९३० चा गांधीजींचा लिनोकट, काठी घेऊन चाललेले, सगळ्यांच्या ओळखीचा. मी लिहिलं: “मागं काहीच नाही. सगळा काळोख. पायाला वजन आहे.” मग आठवडाभर मी पायाचं वजन शोधत फिरले आणि ते सापडलं भाजी मंडईत, हमालाच्या पिंढरीत. मघाच्या चित्रात तो हमाल आहे, पोतं डोक्यावर, सर कोसळतेय आणि तो पळत नाहीये. त्याच्यात कुणाला नंदलाल बोस दिसतील का? मला नाही वाटत. पण त्यांच्याशिवाय मी पिंढरीकडं बघितलं नसतं, आणि हे मी कुणालाही सांगेन.

८ सप्टेंबर

गणपती. काम बंद.

१९ सप्टेंबर

पूर्वा, सुनांचा पाऊस, झाला. दिवसभर गप काम करणारा. मामी उंबऱ्यात तांदूळ निवडतेय, पाठमोरी, पाऊस फक्त दाराच्या चौकटीत, अगदी बारीक व्ही टूलनं, सतराशे रेघा तरी असतील. मनगट सुजलंय. शेवटच्या दिवशी हात सराईत झाला आणि रेघा एकसारख्या यायला लागल्या, तिथं थांबायला हवं होतं. उजवीकडचा खालचा भाग बघितला की कळतं की तिथं मी मामीकडं बघत नव्हते, नुसती रेघा ओढत होते.

उत्तरा अडलाय. काय काढू कळत नाही. म्हण आहे, भात आहे, कुत्रा आहे, पण आतून काही येत नाही. तीन स्केच केले, तिन्ही कुठंतरी बघितल्यासारखे वाटतात. भरल्या शेताच्या कडेला बसलेला कुत्रा हे चित्र मी न काढताच मला पाठ आहे, आणि तेच मला खटकतंय.

२९ सप्टेंबर

हस्त. परवा दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि असा कोसळला की ऑफिसमधून कुणी बाहेर पडेना. विजा, गडगडाट, हत्तीच.

हा ब्लॉक एका दिवसात कापला, सगळ्यात मोठं यू गॉज, हात पूर्ण खांद्यातून. भिंत आहे, मामाच्या गोठ्याची जुनी, पांढऱ्या मातीची, फुगलेली, आणि तिच्यावरून पावसाचे लोटच्या लोट. पडलेली नाही काढली. पडायच्या आधीची काढलीय. एक जागा जास्त खोल गेली आणि कापडापर्यंत पोचली, प्रिंटमध्ये तिथं तागाची वीण उमटते. तशीच ठेवली.

उत्तरा घाईनं उरकला, कुत्रा आणि भात. यादी पूर्ण झाली पाहिजे म्हणून.

६ ऑक्टोबर, आजोळ

नऊ प्रूफ घेऊन आले. माजघरात सतरंजीवर मांडली, पण क्रमानं नाही, मुद्दाम मिसळून, आणि खाली नाव लिहिलेलं नाही. मामीला म्हटलं, कुठला कुठला पाऊस ते सांग.

हात पुसत आली, वाकून बघायला लागली. खिळ्याच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं, “ह्यो मिरगाचा.” खोडावरचे ओरखडे, “तरणा.” टाकीपाशी जरा थांबली, टाकी तिच्या ओळखीची नाही, मग म्हणाली, “ह्यो म्हातारा, बसलाय बघ कसा.” दारातला सुनांचा ओळखला आणि स्वतःची पाठ पण ओळखली, त्यावर काही बोलली नाही, पदर सारखा केला. आश्लेषा, मघा, हस्त, तिन्ही बरोबर. आर्द्रा आणि पुनर्वसूमध्ये एकदा गोंधळली, मग परत बघून नीट सांगितलं.

उत्तरा हातात घेऊन बराच वेळ बघितला. खिडकीपाशी उजेडात नेला.

“ह्यो कुठला?”

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, “कुत्रं चांगलं आलंय. पर ह्यो पाऊस मला ठावं न्हाई.”

संध्याकाळी मामांबरोबर रानात जाऊन आले. पोटरीतलं भात (कणीस बाहेर पडायच्या आधीचं) कसं असतं, उत्तराचा पाऊस त्याच्यावर पडला की पान कुठं वाकतं, पाणी ओंबीत जातं की देठावरून उतरतं, ते दाखवत होते, आता हस्त चालू आहे तर पीक पुढं गेलंय पण खालच्या वाफ्यात उशिरा लावलेलं अजून पोटरीत आहे. पिशवीत हात घालून अकरा स्केच केले. कुत्रा आला होता मागोमाग, बांधावर बसला होता, त्याला नाही काढला.

उत्तराचा ब्लॉक रद्द. नवीन लिनो एक शीट लागेल, उद्या गावात गेल्यावर ऑर्डर करायचा. बाकीच्या आठांची छपाई १२ तारखेपासून सुरू, आधी मृग.